पुराव्याची उतरंड : लुप्त सस्तन प्राण्यांच्या मॉडेल्सची नवी मांडणी

११ जानेवारी २०२५

कपाट रिकामं केलं. आतापर्यंत सगळी मॉडेल्स कंपनीप्रमाणे उभी होती. कलेक्टाचा एक खण, सफारीचा दुसरा, इओफॉनाचे हत्ती वेगळे, जुनी बुलीलँडची मागच्या रांगेत. बघायला छान दिसतं, पण त्यातून कळतं ते एवढंच की कुठल्या कंपनीचा रंगारी कसा हात चालवतो. काळाप्रमाणे लावावं तर इओसीनपासून हिमयुगापर्यंत सरळ रांग होते, आणि ती रांग कुठल्याही तक्त्यात आयती मिळते.

या वेळी मांडणी पुराव्याप्रमाणे. 'वास्तववादी' म्हणून जे मॉडेल आपण घेतो, त्यातलं खरोखर ठाऊक किती आणि शिल्पकाराने पदरचं घातलेलं किती, हे फळीकडे बघून कळलं पाहिजे. सस्तन प्राण्यांत हे करून बघण्यात खास मजा आहे. काहींचं कातडं-केसांसकट शरीर गोठलेल्या जमिनीतून निघालंय, काहींना माणसाने जिवंत पाहून गुहेच्या भिंतीवर काढलंय, आणि काहींच्या नावावर जेमतेम एक कवटी आहे. डायनासोरच्या कपाटात एवढा पल्ला मिळणार नाही. तिथे बघून चित्र काढणारं कोणी नव्हतंच.

चार फळ्या ठरल्या. सर्वांत वर गोठलेले, त्याखाली चित्रांतले, मग पुरेसे सांगाडे मिळालेले, आणि तळाला तुटक हाडांवर उभे केलेले.

१२ जानेवारी

आधी गाळणी. डायमेट्रोडॉन बाहेर. पाठीवर शीड असलेला हा प्राणी डायनासोरच्या डब्यात हमखास सापडतो. तो डायनासोर नाही, सस्तनही नाही. सस्तन ज्या शाखेतून पुढे आले तिच्यातला तो जुना भाऊबंद, पण भाऊबंदांना घेत बसलो तर कपाट पुरणार नाही.

थायलसिनवर, म्हणजे टास्मानियन वाघावर, जास्त वेळ गेला. शेवटचा ज्ञात थायलसिन ७ सप्टेंबर १९३६ रोजी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्याचे फोटो आहेत, हलती चित्रफीत आहे, पेंढा भरलेली कातडी आहेत. पुराव्याने तो सगळ्यांच्या वर बसेल, पण प्रागैतिहासिक म्हणायला जीभ रेटत नाही. वेगळ्या खणात.

१८ जानेवारी

मोजमापाचा दिवस. खोक्यावर १:२० छापलंय म्हणून मॉडेल १:२० असतंच असं नाही, आणि पुष्कळ खोक्यांवर प्रमाण छापलेलंच नसतं. नाक ते शेपूट ही लांबी फसवी, कारण मान वर की खाली यावर ती बदलते. मी खांद्याची उंची धरतो: पायाच्या तळापासून खांद्याच्या वरच्या टोकापर्यंत, व्हर्नियर (सरकत्या जबड्यांची मोजपट्टी) उभा धरून. केसाळ प्राण्यात केसांची जाडी त्यातून वजा करावी लागते, आणि तिथे थोडं अंदाजानेच जावं लागतं.

केसाळ मॅमथचा पूर्ण वाढलेला नर खांद्याशी साधारण २.७ ते ३.५ मीटर. म्हणजे १:२० मध्ये साडेतेरा ते साडेसतरा सेंटिमीटर. त्याच फळीवर ११ सेंटिमीटरचा मॅमथ आला तर तो एक तर पिल्लू, नाहीतर १:३० च्या आसपासचा. स्टेप मॅमथ खांद्याशी सुमारे ४ मीटर. इओफॉनाचा तो १:३५ धरला तर साडेअकराच्या जवळपास यायला हवा. त्या कंपनीची सुरुवातच हत्तीकुळाच्या शरीरमापांपासून झालेली असल्याने तिथे हिशोब चोख असतो.

दोन प्रमाणं शेजारी आली की डोळा गोंधळतो. म्हणून प्रत्येक गटापुढे एक माणूस उभा करायचा. १७० सेंटिमीटरचा माणूस १:२० मध्ये साडेआठ सेंटिमीटर, १:३५ मध्ये पाचाला किंचित कमी. १:३५ ची माणसं रणगाड्यांच्या मॉडेलवाल्यांकडे मुबलक मिळतात. फक्त हातातली बंदूक कापून तिथे काठी द्यावी लागते.

१९ जानेवारी

वरची फळी. मॅमथ इथे बसणार यात वाद नाही. १९०१ मध्ये सैबेरियातल्या बेरेझोव्का नदीकाठून काढलेला नर, २००७ मध्ये यामल द्वीपकल्पावर एका रेनडियर पाळणाऱ्याला दिसलेलं ल्यूबा हे पिल्लू, आणि असे आणखी कितीतरी. म्हणूनच मॅमथच्या मॉडेलला मी जराही सूट देत नाही. कान आफ्रिकन हत्तीच्या मानाने अगदी छोटे हवेत. शेपूट आखूड हवी. सोंडेच्या टोकाला वर लांबट बोट आणि खाली रुंद पाळी हवी. डोकं उंच घुमटासारखं, मग मानेशी खोलगा, मग खांदा, आणि तिथून पाठ मागे उतरती. सगळ्यात गंमत शेपटीच्या मुळाशी. थंडी आत शिरू नये म्हणून तिथे कातड्याची एक झापड असते, जी बेरेझोव्काच्या मॅमथमध्ये आढळली. मॉडेल उलटं करून शेपटीखाली बघणाऱ्याला लोक हसतात, पण शिल्पकाराने अभ्यास केलाय की नाही याचा निकाल तिथे लागतो.

रंगाचा प्रश्न मात्र गोठलेलं शरीर असूनही सुटत नाही. बाजारातले मॅमथ बहुतेक नारिंगी-तांबूस, कारण संग्रहालयातले केस तसे दिसतात. पण हजारो वर्षं जमिनीत राहून केसातलं रंगद्रव्य उडतं. तो नारिंगीपणा बऱ्याच अंशी त्याचाच परिणाम. २०१४ मध्ये केसांचा जो बारकाईने अभ्यास झाला, त्यात एकाच प्राण्यावर गडद, फिकट, जवळजवळ बिनरंगी असे वेगवेगळे केस दिसले. तेव्हा मॅमथ गडद तपकिरी असेल तर हरकत नाही, मिसळ छटांचा असेल तर आणखी चांगलं. सगळीकडे एकसारखा गाजरी रंग असेल तर तो मी बदलणार.

२५ जानेवारी

मॅमथचं रंगकाम सुरू. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ दातघासणीने सगळा तेलकटपणा काढला. साच्यातून सुटताना लागलेलं तेल राहिलं तर रंग महिन्याभरात पापुद्र्याने सुटतो. मऊ पीव्हीसीवर पाण्यात विरघळणारे अ‍ॅक्रिलिक रंगच वापरायचे. डब्यातून फवारायचे सॉल्व्हंटवाले रंग आणि वार्निश पीव्हीसीतल्या मऊपणा आणणाऱ्या द्रव्याशी भिडतात आणि पृष्ठभाग वर्षानुवर्षं चिकट राहतो. मग त्यावर धूळ बसते ती कायमची.

पहिला हात पातळ गडद तपकिरी, केसांच्या खोबणीत उतरू दिला. वाळल्यावर कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट पिवळट छटा, पोटाकडच्या लांब केसांवर जरा जास्त. सुळे पांढरेशुभ्र ठेवायचे नाहीत; मुळाशी मातकट, टोकाकडे घासून उजळ.

१ फेब्रुवारी

केसाळ गेंडा. वरच्या फळीवरचा दुसरा मानकरी. १९२९ मध्ये आजच्या युक्रेनमधल्या स्तारूनियाच्या खाणीत मिठाचं पाणी आणि खनिज मेण यांत मुरलेला एक गेंडा कातड्यासकट मिळाला. तो आता पोलंडमध्ये क्राकोवला आहे. त्याचे केस गेलेले होते. केसांची उणीव सैबेरियातल्या गोठलेल्या नमुन्यांनी भरून काढली, त्यात २०१४ मध्ये सापडलेलं साशा हे पिल्लू आलं.

माझ्याकडच्या दोन मॉडेल्सपैकी एकाचं पुढचं शिंग गोल, आजच्या आफ्रिकन गेंड्यासारखं. केसाळ गेंड्याचं शिंग दोन्ही बाजूंनी चपटं, पात्यासारखं असतं, आणि पुढच्या कडेला झिजलेलं मिळतं. डोकं डावी-उजवीकडे फिरवत बर्फ बाजूला सारून तो गवत खात असावा. शिंगं मिळालेली आहेत, अंदाजाचा भाग नाही. गोल शिंग तासून चपटं केलं, खाली इपॉक्सी पुट्टीचा पातळ थर देऊन बूड रुंद केलं. दुसऱ्या मॉडेलमध्ये हे सगळं मुळातच बरोबर आहे, शिवाय खांद्यावरचं वशिंडही आहे. त्याला हात लावला नाही.

२ फेब्रुवारी

गुहासिंह वरच्या फळीवर ठेवला आणि लगेच पेच आला. २०१५ मध्ये सैबेरियातल्या याकूतियात उयान आणि दीना ही बछडी सापडली, नंतर स्पार्टाही. मिशांसकट शाबूत. पण बछड्यांवरून नराला आयाळ होती का ते कसं सांगणार? ते सांगतं फ्रान्समधल्या शोवे गुहेतलं चित्र. तिथे नर म्हणून स्पष्ट ओळखू येतील असे सिंह काढलेत आणि त्यांना आयाळ नाही. म्हणजे कातडी पहिल्या फळीची आणि चेहरा दुसऱ्या फळीचा.

तूर्त वरच ठेवलाय. पण प्राणी अख्खाच्या अख्खा एका फळीवर बसतो, या गृहीतालाच इथे तडा जातोय.

९ फेब्रुवारी

दुसरी फळी, मेगॅलोसेरॉस हे महाकाय हरीण. शिंगांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत, म्हणजे १:२० मध्ये साडेसतरा सेंटिमीटर. एवढा पसारा खोक्यात मावत नाही, आणि खेळणं म्हणून विकायचं तर टोकं बोथट आणि लवचीक ठेवावी लागतात. युरोपातलं ईएन ७१ मानक असो की अमेरिकेतलं एएसटीएम एफ ९६३, लहान मुलाला टोचेल असं काही चालत नाही. परिणाम असा की शिंगं खोक्यात दुमडून येतात आणि डबा उघडला की हरीण खिन्न दिसतं.

उपाय ठरलेला. गरम पाणी, उकळतं नव्हे. शिंगं बुडवून मऊ होऊ द्यायची, हव्या त्या वळणावर बोटांनी धरायची, तशीच धरून थंड पाण्यात. वळण टिकत नसेल तर पुन्हा. वाकलेल्या पायांनाही हेच. मात्र बारीक पायांवर जड धड असलेली मॉडेल्स उन्हाळ्यात पुन्हा कलतात, तेव्हा पोटाखाली पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची कांडी कायमची दिलेली बरी.

हाडं पाहून खांद्यापाशी उंचवटा असेल एवढं सांगता येतं, कारण तिथल्या मणक्यांचे काटे लांब आहेत. पण त्या उंचवट्यावर गडद रंग होता हे हाडं सांगत नाहीत. ते गुहाचित्रांनी सांगितलं. माझ्या मॉडेलवर उंचवटा आहे, रंग नाही. रंग मी दिला.

१ मार्च

तिसरी फळी सर्वांत गर्दीची. स्मायलोडॉन हे सुळे-मांजर, मेगाथेरियम हा जमिनीवरचा महाकाय स्लॉथ, डोएडिक्युरस हा आर्माडिलोचा चिलखती नातेवाईक, युइंटाथेरियम आणि आर्सिनोइथेरियम हे डोक्यावर शिंगं असलेले, प्लॅटिबेलोडॉन हा हत्तीकुळातला. यांची हाडं भरपूर, पण कातडं कोणाचंच नाही.

स्मायलोडॉन प्रत्येक कंपनी काढते, आणि बहुतेकांत दोन दोष. शेपूट लांब, आणि ठेवण वाघाची. खरा प्राणी आखूड शेपटीचा, पुढे जड, मागे उतरता, बाहू अस्वलासारखे. सर्वांत मोठ्या जातीचा सुळा मुळासकट २८ सेंटिमीटर, म्हणजे १:२० मध्ये जेमतेम १.४ सेंटिमीटर, त्यातलाही बराच भाग जबड्यात रुतलेला. बाहेर दिसायचं ते नखाएवढं. एवढं बारीक पातं साच्यात नीट उतरत नाही, म्हणून सुळे जाड केले जातात. ते मी चालवून घेतो. शेपूट चालवून घेत नाही; कापून, पुट्टीने टोक गोल करून टाकली. ठिपके की साधा रंग, याला उत्तर नाही. ज्याने जे दिलंय ते राहू दे.

प्लॅटिबेलोडॉन खालच्या जबड्याच्या फावड्यासाठी प्रसिद्ध. चिखलातून पाणवनस्पती उपसणारा म्हणून तो रंगवला जायचा. १९९२ मध्ये दातांच्या झिजेवरून दिसलं की त्या फावड्याची धार झाडाच्या फांद्या-साली कापायला वापरली जात होती. त्यामुळे गुडघाभर चिखलाच्या पाटावर उभं केलेलं मॉडेल पाटावरून सोडवलं. सपाट, चपटी सोंडही मला पटत नाही, पण सोंडेत हाड नसतं. तिचा फैसला करणारा मी कोण!

मेगाथेरियमची एक गोष्ट बघून घ्यायची: मागचा पाय तळव्यावर सपाट टेकलाय की बाहेरच्या कडेवर. कडेवर हवा. केस किती दाट ते मोकळं. पॅटागोनियातल्या गुहेत १८९५ मध्ये मिळालेलं केसाळ कातडं मायलोडॉन या दुसऱ्या स्लॉथचं आहे, मेगाथेरियमचं नव्हे. पण सगळी कंपन्यांची दुनिया त्या एका कातड्यावरून या चार टनी देहाला अस्वलाचा कोट चढवते.

८ मार्च

एलास्मोथेरियम, गेंड्याच्या कुळातला. इथे मांडणी अडली.

सांगाडा चांगला मिळालाय, तेव्हा तिसरी फळी. पण माणूस हे मॉडेल विकत घेतो ते कपाळावरच्या दीड हात शिंगासाठी, आणि ते शिंग आजवर एकही सापडलेलं नाही. शिंग केराटिनचं, कुजून जातं. कपाळावर खडबडीत घुमट आहे एवढंच हाडात दिसतं. २०२१ मध्ये तर असंही मांडलं गेलं की त्या घुमटावर लांब शिंग नव्हतंच, कठीण कातड्याचं आखूड आवरण होतं. म्हणजे धड तिसऱ्या फळीवर आणि शिंग तळाच्या फळीच्याही खाली.

गुहासिंहाचा पेच आणि हा पेच एकच. पुरावा प्राण्याचा नसतो, अवयवाचा असतो.

९ मार्च

फळ्यांची कल्पना सोडली नाही, पण तिच्यावर दुसरी चढवली. प्रत्येक मॉडेलपुढे एक कार्ड. कार्डावर प्राण्याची बाजूने काढलेली साधी बाह्यरेषा, आणि तीत अवयवाप्रमाणे रंग. निळा म्हणजे प्रत्यक्ष मिळालंय, मग ते हाड असो, कातडं असो की केस. हिरवा म्हणजे बघणाऱ्याने काढलंय. पिवळा म्हणजे जवळच्या नातेवाइकावरून घेतलेलं. लाल म्हणजे शिल्पकाराची मर्जी. फळी ठरवायची ती प्राण्याच्या सर्वांत भक्कम भागावरून, आणि कार्ड सांगणार बाकीचं काय.

एलास्मोथेरियमचं कार्ड झालं: निळं धड, लाल शिंग, पिवळे केस. बघताक्षणी समजतं.

१६ मार्च

कार्डांचा सपाटा. स्टेप मॅमथचं कार्ड सर्वांत आवडलं. त्याचं गोठलेलं शरीर नाही, तेव्हा केस पिवळे द्यायला निघालो होतो. पण २०२१ मध्ये सैबेरियातल्या दहा लाख वर्षांहून जुन्या मॅमथच्या दाढांतून डीएनए मिळाला. त्यातल्या अदीचा इथल्या दाढेत, जी स्टेप मॅमथच्या ठेवणीची आहे, केस आणि थंडीशी निगडित बरेचसे बदल आधीच झालेले दिसले. दाढेतून केस मिळाले म्हणायचे! निळ्या-पिवळ्या आडव्या पट्ट्या दिल्या.

२२ मार्च

तळाची फळी. कपाटातलं सर्वांत मोठं मॉडेल इथे आलं: कलेक्टाचं १:२० पॅरासेराथेरियम, गेंड्याचा बिनशिंगी महाकाय नातेवाईक. खांद्याची उंची ४.८ मीटर धरली तर २४ सेंटिमीटर, माणूस त्याच्या पोटाखालून टोपी न काढता जाईल. पहिली हाडं बलुचिस्तानातल्या डेरा बुग्तीची, भूशास्त्रज्ञ पिलग्रिमने १९०८ मध्ये वर्णन केलेली. तेव्हापासून चीन, मंगोलिया, कझाकस्तान असं बरंच सापडत गेलं, तरी एका प्राण्याचा पूर्ण सांगाडा कुठेच नाही. वेगवेगळ्या आकाराच्या प्राण्यांची हाडं जोडून उंची काढायची, म्हणून जुनी वजनं ३० टनांपर्यंत गेली. आता १५ ते २० टन धरतात. कान हत्तीसारखे मोठे की गेंड्यासारखे, हा वाद केवळ तर्कावर चालू आहे. कार्डावर कान लाल.

शेजारी अँड्र्यूसार्कस, तोही दोन प्रकारांत. याची गोष्ट तर आणखी विलक्षण. १९२३ मध्ये चीनमधल्या इनर मंगोलियात इर्दिन मान्हा इथे अमेरिकन संग्रहालयाच्या मोहिमेला ८३.४ सेंटिमीटर लांबीची एक कवटी मिळाली. त्याच संग्रहालयाच्या ऑस्बॉर्नने १९२४ मध्ये नाव दिलं. धडाचं एक हाडही हाती नसताना शंभर वर्षं या प्राण्याची मॉडेल्स निघतायत. जुनं मॉडेल लांडग्यासारखं, कारण तेव्हा नातं मेसोनिकिड या खूरवाल्या मांसाहारी गटाशी जोडलं जायचं. नवं मॉडेल रानडुकराच्या वळणाचं, कारण आता तो रानडुकरासारखे दिसणारे एंटेलोडोंट, पाणघोडे, देवमासे यांच्या बाजूला मोजला जातो. दोघांची कवटी जवळजवळ सारखी, धडं दोन जगांतली. दोन्ही ठेवणार, एकमेकांकडे तोंड करून. दोन्ही कार्डांत डोकं निळं, नवीन मॉडेलचं धड पिवळं, जुन्याचं लाल.

कारागिरीत म्हणाल तर याच फळीवरची कामं सर्वांत देखणी आहेत. मॅमथ काढताना शिल्पकाराला हजार बंधनं. इथे कोणी बोट दाखवायला नाही, तर हात मोकळा सुटतो. त्यातही ज्याने कातड्याच्या सुरकुत्या, स्नायूंची ओढ, जमिनीवर पडणारा भार नीट दाखवलाय आणि रंग मात्र साधा ठेवलाय, त्याला माझ्याकडून जास्त गुण. वाघाचे पट्टे आणि लाल कपाळ देणाऱ्याला कमी.

२९ मार्च

मॅक्रॉकेनिया, दक्षिण अमेरिकेतला लांब मानेचा खूरवाला प्राणी. डार्विनने १८३४ मध्ये पॅटागोनियात हाडं गोळा केली, ओवेनने १८३८ मध्ये नाव दिलं. नाकपुड्या कवटीवर बऱ्याच मागे, म्हणून पिढ्यानपिढ्या त्याला छोटी सोंड देतात. अलीकडच्या तुलना सोंडेच्या विरोधात जातात, मूस या मोठ्या हरणाच्या नाकासारखं मांसल नाक असेल म्हणतात. माझ्या मॉडेलला सोंड आहे. कापायची नाही असं ठरवलं. स्मायलोडॉनची शेपूट हाडाने खोटी पाडली होती, सोंड तशी खोटी पडलेली नाही. कार्डावर सोंड लाल, बाकी अंग निळं.

बॅसिलोसॉरस हा प्राचीन देवमासा पोटाखालून तपासला. मागचे चिमुकले पाय आहेत. १९९० मध्ये इजिप्तच्या वादी अल-हितानमधून त्याच्या मागच्या पायांची हाडं जाहीर झाली, त्यामुळे पाय नसलेलं मॉडेल आता घ्यायचं कारण नाही.

५ एप्रिल

काचा बसवल्या. थर्माकोलचे तुकडे सगळे काढून टाकले. मऊ पीव्हीसी त्याला टेकून राहिलं की मऊपणाचं द्रव्य बाहेर येऊन थर्माकोल विरघळवतं आणि मॉडेलला चिकटतं. दोन मॉडेल्स एकमेकांना घासतील असंही ठेवायचं नाही, रंग एकमेकांवर उतरतो. दिवा एलईडी, थेट ऊन नाही.

६ एप्रिल

होमोथेरियम या दुसऱ्या सुळे-मांजरासाठी फळी बदलावी लागली. तिसऱ्या फळीवर स्मायलोडॉनशेजारी होता. २०२२ मध्ये दाखवलं गेलं की याचे सुळे तोंड मिटल्यावर ओठांआड झाकले जात असावेत, स्मायलोडॉनसारखे बाहेर लोंबत नसावेत. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये याकूतियातल्या बद्यारिखा नदीकाठच्या बछड्याचं वर्णन आलं. तीनेक आठवड्यांचं, पस्तीस हजारांच्या आसपास वर्षं जुनं, गडद तपकिरी दाट केस, जाड मान, छोटे कान, रुंद पंजे. सुळे-मांजरांपैकी कातड्यासकट मिळालेलं हे पहिलंच. तेव्हा सरळ वरची फळी, गुहासिंहाच्या बाजूला.

मॉडेल मात्र जुनं आहे: पिवळसर अंग, काळे ठिपके, उघडे सुळे. वरचा ओठ पुट्टीने खाली ओढला, सुळ्यांची फक्त टोकं ठेवली. रंग पूर्ण बदलला नाही. बछड्याचा रंग मोठेपणी तोच राहतो असं नाही. सिंहाच्या पिल्लांवर ठिपके असतात, पुढे पुसट होतात. पाठ आणि मान गडद तपकिरी, बाजूंना तीच छटा पातळ करून, ठिपके जेमतेम जाणवतील इतके बुजवले. कार्डावर केस निळे, पण रंगाची चौकट निळी-पिवळी. पुट्टी वाळली की ओठावर दुसरा हात, मग मॅट वार्निश.